कंपनीचा हिरवा

नागपूर, मंगळवार, नोव्हेंबर १९७८

काटोलच्या गोविंदरावांच्या जुन्या ट्रकचा हिरवा आज एकदाचा जुळला. डॅशबोर्डमागे, जिथं ऊन कधी पोचलंच नाही, तिथं कंपनीचा मूळ रंग सापडला होता. त्यावरून रंग मिसळून मिसळून हात दुखले. दारावर मारून पाहिला, अगदी तोच. मी खूश.

संध्याकाळी त्यांची बायको, सुमनताई, बघायला आल्या. म्हणाल्या, "हा नाही, भाऊ. आमचा फिक्का होता."

मला रागच आला. डॅशबोर्डमागचा रंग दाखवला. त्यांनी वाकून त्यावरून बोट फिरवलं. "आमी सेकंडहँड घेतला होता. तवाच उडून गेला असंन हा."

गोविंदराव लकव्यानं अंथरुणावर. खिडकीतून दिसावा म्हणून ट्रक अंगणात उभा करायचाय, त्यासाठीच हा खटाटोप. मग त्यांच्या ओळखीचा फिका हिरवाच बरा नाही का? मीच म्हणालो, "ताई, पांढरा घालून फिका करून देतो."

"नका करू," त्या म्हणाल्या. "जल्मभर दुसऱ्यानं वापरून टाकलेली गाडी चालवली त्यायनं. एकदा नवी पाहू द्या त्यायले."