माणसं आठ, पट्टे सात

२८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. ते घरात सगळ्यांना सारखे वाटून घ्या, भांडू नका.

पार्कची तिकिटं तू काढलीस, खोल्या ह्यांनी ठरवल्या, तेव्हा पोटाचं खातं माझ्याकडे येणार हे ओघानंच आलं. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रोज शेकड्यानं माणसं जेवू घालते मी. आपली आठ तोंडं म्हणजे हातचा मळ.

तर ऐक. आत बाहेरचं खाणं न्यायला बंदी आहे, गेटवर पिशव्या उघडून बघतात. सुटं सुटं घ्यायला गेलो तर एकेका सँडविचला खिसा फाटेल. म्हणून जेवणाचे पट्टे घ्यायचे. मनगटावर पट्टा बांधला की मोठ्या हॉलमध्ये दिवसभर कितीही वेळा वाढून घ्या, कुणी विचारत नाही. बाराला एकदा दाबून जेवायचं, पाचला पुन्हा. मधे पोरांनी आइस्क्रीमच्या गाडीकडे बघितलं तर तू त्यांना पाळण्यात नेऊन बसवायचं. रात्री खोलीवर पाव, फळं आणि उकडलेली अंडी. ती मी आणते.

आता खरा मुद्दा. माणसं आठ, पट्टे सात. बाबांचं जेवण म्हणजे चिमणीचा घास. वाटीभर सूप आणि चमचाभर भात, त्याला पूर्ण पट्ट्याचे पैसे देणं म्हणजे पाण्यात टाकणं. मी माझ्याच ताटात थोडं जास्त वाढून घेईन, त्यातलं ते खातील. पण हे त्यांना सांगायची सोय नाही. जन्मभर थिएटरच्या दारावर तिकिटं फाडली आहेत त्यांनी. आई डबा घेऊन जायची तर तिलासुद्धा कधी दाराच्या आत घेतलं नाही, आणि आपण दोघं त्यांच्याच थिएटरात रांगेत उभं राहून तिकीट काढायचो. खरं कळलं तर ते हॉलबाहेर बाकावर बसतील. म्हणून मी सांगून टाकलं की सत्तरीच्या पुढच्यांना जेवण फुकट आहे, पट्टाही लागत नाही, आणि रांगेत उभं राहायला नको म्हणून तुमचं मीच वाढून आणीन. इतके खूष झाले. म्हणाले, म्हाताऱ्यांची कदर असणारी माणसं अजून आहेत म्हणायची. तेव्हा तू मधे तोंड घालू नकोस.

माया आहेच, वेगळी मागत नाही.
तुझी ताई


४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अन्नखात्याचं अंदाजपत्रक पोचलं. हिनं ते वाचून हात टेकले. म्हणाली, असा हिशेब मी मांडला असता तर चिक्कू म्हणाला असतात, ताईंनी मांडला की ती हुशारी. मी ऐकलं नाही असं दाखवलं. माझ्यासारख्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला मधल्या मजल्यावर अडकायची सवय असते.

एक सांगतो. बाबांनी त्या फुकट जेवणाचा डंका पिटलाय. शेजारच्या मास्तरांना सांगून झालं, खालच्या दुकानदाराला सांगून झालं. प्रत्येकाला वर हेही सांगतात, की माझ्या मुलीनं स्वतः चौकशी केली आहे, तिचं काम पक्कं असतं. मला ऐकताना कसंसंच होतं. पण तुझा हुकूम आहे, आणि पैसे वाचतात हेही खरं, म्हणून मी आपला गप्प. वाचतील ते पोरांना भुताच्या घरात घालवू देऊ.

लोभ असावा, आणि अंडी जास्त उकडू नयेत.
धाकटा


२२ एप्रिल

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार. पुढचं 'विनंती विशेष' लिहायला हात धजत नाही.

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून लिहिते. बाबा, मला फार लाज वाटते आहे. डोळ्यांपुढून तो हॉल हलत नाही. तुम्ही माझ्या ताटातल्या सुपाचा पहिला चमचा उचललात आणि दारावरची ती बाई आली. तुमच्या मनगटाकडे बघून, पट्टा नसेल तर इथे जेवता येणार नाही म्हणाली. तुम्ही आधी तिला हसून समजावलंत, की ज्येष्ठांना फुकट आहे. ती नाही म्हणाली तसा तुमचा आवाज चढला. माझी मुलगी खोटं सांगेल का, असं तुम्ही विचारलंत. दारावरच्या माणसाला स्वतःचे नियम ठाऊक नसतील तर त्यानं दारावर उभं राहू नये म्हणालात, आणि तिच्या साहेबांना बोलवायला लावलंत. सगळा हॉल चमचे थांबवून बघत होता.

साहेब आले आणि त्यांनी भिंतीवरची पाटी दाखवली. तुम्ही चष्मा लावून ती वाचलीत, आणि मग माझ्याकडे बघितलंत.

मी ताटात बघत राहिले, बाबा. चूक माझी आहे, एवढं म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. हे पट्टा आणायला उठले तर तुम्ही हातानं थांबवलंत, भूक नाही म्हणालात आणि एकटेच बाहेर गेलात. माझी लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. तेव्हापासून तीही माझ्याशी तुटक बोलते.

बापाच्या घासाचा हिशेब केला मी. आपल्या माणसाच्या ताटाला कात्री लावली. पुढच्या महिन्यापासून तुम्ही माझ्याकडे राहायचं ठरलं होतं, ते मोडू नका. जे म्हणाल ते करून वाढीन. एकदा या.

तुमची माया मागायचा हक्क आहे की नाही, ते तुम्ही ठरवा.
तुमची थोरली


३० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

बाबा शेजारच्याच खोलीत असतात, फोनवर बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. तुझं पत्र त्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. काय लिहिलंय असं विचारायची हिंमत झाली नाही. तुझ्याकडे जायचं नाव काढलं की उठून गॅलरीत जातात. खालच्या दुकानात जायचं सोडलंय, कारण दुकानदारानं फुकट जेवण कसं होतं म्हणून विचारलं. बसमध्ये तिकीट काढलं की उतरेपर्यंत ते सगळ्यांना दिसेल असं वर धरून बसतात.

सगळा दोष तू एकटीनं अंगावर घेऊ नकोस. मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मीही त्या टेबलावर मान खाली घालून पोराच्या पावाला लोणी लावत बसलो. पण त्याच्यापुढची घाण मी केली. घरी आल्यावर रागाच्या भरात पार्कला तक्रार पाठवली, की दारावरची बाई वृद्ध माणसाशी उद्धट वागली. ताई, ती एक शब्द वावगा बोलली नव्हती. मला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि ती लांबची होती. आज उत्तर आलं. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी, आणि संबंधित कर्मचाऱ्यावर योग्य ती कारवाई केली आहे म्हणे. जिंकलो म्हणायचं, पण जेवण गेलं नाही.

हे बाबांना सांगावं लागणार. हिनं तर बजावलंय की तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते.

जसा आहे तसा, तुझा
धाकटा


९ मे

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद. राग आला म्हणून ते थांबत नाहीत.

तू घासाचं लिहिलंस. घासाचं माझ्या मनात काही नाही. मी थोडं खातो हे खरं, आणि जपून खर्च करायला तुला मीच शिकवलं. एवढे पैसे घालवायचे नाहीत, असं सरळ म्हणाली असतीस तर मी बाहेरच्या बाकावर खुशाल बसलो असतो. बाकं चांगली होती, सावलीत होती.

तू मला बिनतिकिटाचा आत बसवलंस. आणि मला तुझ्या शब्दावर इतका भरवसा, की त्याच्या जोरावर मी एका दारावरच्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं. माझ्या दारावर असले पुष्कळ यायचे. कुणी मालकाचा मेहुणा, कुणाचं तिकीट बायकोच्या पर्समध्ये आणि बायको आत. पाय भरून आलेले असायचे, तरी त्यांचं ओरडणं ऐकून घ्यायचं आणि आपला आवाज वाढवायचा नाही, ही आमची नोकरी. ती बाई तशीच उभी होती. मला तिच्यात मी दिसायला हवा होतो, आणि मी झालो मालकाचा मेहुणा.

धाकट्यानं तक्रारीचंही सांगितलं. त्याला मी काही बोललो नाही. बोलायला लागलो असतो तर थांबलो नसतो.

मला तिची माफी मागायची आहे. तो पार्क मला एकट्याला झेपणार नाही. तू मला घेऊन चल. तिकिटं दोन, रीतसर, माझी मी काढीन. तुझ्याकडे राहायला यायचं की नाही, ते त्यानंतर बघू.

तब्येतीला जप.
तुझे बाबा


२० मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

बाबा माझ्याकडे आले आहेत. त्यांचे कपडे आणि औषधं पाठवून दे. पण एवढ्यावर खूष होऊ नकोस, आधी पुढचं वाच.

हॉलच्या दारावर दुसरीच मुलगी उभी होती. विचारत विचारत गेलो तेव्हा कळलं, की त्या बाईंना मागे ताटं धुवायला टाकलंय. साहेबांनी कटकट करत पाच मिनिटं बोलायला परवानगी दिली. मागच्या दारात आल्या तेव्हा कोपरापर्यंत रबरी हातमोजे, केस टोपीत कोंबलेले, कपाळावर घाम. मी ओळखलं नसतं. बाबांनी ओळखलं. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, की तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं, मीही दारावरचाच माणूस आहे.

मग माझं तोंड एकदाचं उघडलं. खोटं मी सांगितलं, तक्रार माझ्या भावानं केली आणि तीही खोटी, असं मी त्यांना सांगितलं. साहेबांना तसं लेखी दिलं. तूही आजच लिही. बघतो, एवढंच म्हणाले ते. बाईंना परत दारावर घेतील की नाही, देव जाणे.

त्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. त्यांनी एक हातमोजा काढला, बाबांचा हात धरला आणि विचारलं, की आजोबा, त्या दिवशी मग तुम्ही जेवलात का. त्यांना राहून राहून वाटत होतं म्हणे. सुट्टी झाल्यावर स्वतःच्या डब्यातलं घेऊन त्या बाहेर बाकांवर शोधायला गेल्या होत्या, तोवर आपण निघून गेलो होतो.

बाबा म्हणाले, नाही जेवलो.

धाकट्या, आपण त्या दिवशी काय केलं आठवतं का? ते बाहेर गेल्यावर दहा मिनिटांत उठून परत वाढून घेतलं. पाचला पुन्हा जेवायला गेलो, पैसे भरलेत म्हणून. रात्री ते डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले, आणि मी त्यांच्या वाटणीची अंडी पोरांना वाटली. नंतर मी एवढं लांबलचक माफीचं पत्र लिहिलं, त्यातही मला हे विचारायचं सुचलं नाही.

येताना बसमध्ये मी त्यांना म्हटलं, की बाबा, दिवसभर उपाशी होता तर सांगितलं का नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, विचारलं कुणी.

लोभ असू दे म्हणायला आज मला तोंड नाही.
ताई