विळी माझी, फोडणी तुमची

प्रिय अक्का,

नमस्कार. कंबर मोडून आलीय, दुपारची जरा पडणार होते. पण आज स्वयंपाकघरात जे झालं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू? सून तिकडे एचएसआर लेआउटला तिच्या ऑफिसात, नात रेवा कॉलेजला. आणि त्या पोरींना यातलं काय कळणार! म्हणून रेवाचाच एक कागद घेतला. अक्षराला हसू नका. चौथीच्या पुढे मला कुणी शाळेत धाडलंय?

तुम्ही गेलात आणि सगळा स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला. आपली वाटणी कशी छान होती! विळी माझी, फोडणी तुमची. दोडका म्हणा, नवलकोल म्हणा, मी चिरून द्यायची, पुढचं तुम्ही. नवी नवरी होऊन आले तेव्हाच तुम्ही म्हणालात, "सुशी, तू चिर गं, बाकीचं मी बघते." चिरता चिरता म्हातारी झाले की मी! एकदा तरी कढईपाशी उभं करायचं होतं मला. जाऊ म्हणून माझे फार लाड केलेत, पण हे तुमचं चुकलंच, अक्का. रागावले नाही हो. पण चुकलं.

आता रोज उठलं की तोच घोर, आज काय करू? खाली हातगाडीवाला कानडीत ओरडतो, "अक्का, हूकोसु!" हूकोसु म्हणजे आपला फ्लॉवर. तो मला अक्का म्हणतो, आणि मी मागे वळून तुम्हाला शोधते.

फ्लॉवर म्हणजे तुमच्या यजमानांचा, भावजींचा, जीव. तुमच्या हातचा, आलं-मिरचीचा, कडेनं तांबूस झालेला. मी केला की गिचका. आलं तेच, खोबरं तेच, तरी गिचका! रेवा म्हणाली, "आज्जी, ही भाजी आहे का खीर?" मग तिनं एका रविवारी गोबी मंचुरी केली, लाललाल, सगळं घर शिंकायला लागलं. मी रस्सा करून पाहिला. पाल्याला पीठ पेरून पाहिलं. भावजी अर्धी पोळी आणि ताक घ्यायचे नि उठायचे. कसे सुकलेत म्हणून सांगू! शर्ट खांद्यावरून घसरतो. मला रात्रंदिवस तीच धास्ती, माझ्या हातचं खाऊन हा माणूस आजारी पडणार.

आणि विचारणार कोण? थोरल्या दिराशी मी कधी थेट बोललेय का? "अक्का, भावजींना भात हवाय का बघा," असंच आपलं चाललं. तेही तसेच, "धाकटीला सांग, मीठ कमी आहे." आता मधलं माणूसच गेलं. मी रेवाला म्हणायची, "आजोबांना विचार, भाजी वाढू का?" ती कपाळाला हात लावायची. "आज्जी, ते समोर बसलेत. तुझं बोलणं त्यांना ऐकू येतंय!" ऐकू येतं गं बाई, पण त्यांनी उत्तर कुणाला द्यायचं?

आमचे हे तर आधीच गेलेत, तेव्हा दुपारी घरात भावजी आणि मी, दोघंच. आज फ्लॉवर चिरला, हळद-मिठाच्या गरम पाण्यातून काढला, आणि तसाच ओला कढईत टाकणार, तोच दाराशी खोकला. मी पदर सावरला. भावजी उभे, नजर फ्रिजकडे. फ्रिजलाच म्हणाले, "ती आधी पसरून कोरडा करायची."

अक्का! हे मला कसं कळणार होतं? फ्लॉवर तुमच्या हातात दिला की मी कोथिंबिरीकडे वळायची!

"कशावर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या पंच्यावर. किती भांडलो तिच्याशी! अंघोळ करून अंग पुसावं, तर अंगाला फ्लॉवरचा वास." आणि दोरीवरचा पंचा आणून ओट्यावर ठेवला. "घ्या. आणि झाकण ठेवू नका. मीठ शेवटी."

मला हसू आवरेना. नवऱ्याच्या पंच्यावर फ्लॉवर वाळवत होतात आणि मला पत्ता लागू दिला नाहीत! लबाड कुठल्या!

तेल चांगलं तापवलं. मोहरी, हिंग, आलं-मिरची, मग तो कोरडा फ्लॉवर, मोठ्या आचेवर. कडा तांबूस झाल्या तशी मीठ, लिंबू, ओलं खोबरं. हात दुखत होता, पण परतत राहिले.

त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"बरी झालीय," म्हणाले. "तिच्यासारखी नाही." आणि आणखी भाजीसाठी ताट पुढे सरकवलं.

नाही कशी होणार तुमच्यासारखी! पण पोळी पुरी संपवली हो त्यांनी, वर दुसरीही घेतली. मी ओट्याला टेकून बघत राहिले. माझं जेवण निवून गेलं तरी भान नव्हतं.

थकलेय, अक्का. हे रोजचं रांधणं या वयात झेपत नाही, खोटं कशाला बोलू? पण एक शब्द देते. आता मध्ये कुणाला घालणार नाही. जीभ अडखळली तरी मीच विचारीन, "भावजी, अजून वाढू?" त्यांना अर्धपोटी उठू देणार नाही. उद्या पडवळ आहे. तुम्ही त्यात काय घालत होतात, तेही त्यांनाच विचारते.

तुमची धाकटी,
सुशी