विलासचा नवा भाऊ

लालबाग, रविवार संध्याकाळ

नेपानगरच्या विलासचा नवा लेख आला. संगणकाला तर्क शिकवणारे प्रोग्रॅम आम्ही उमेदीची सगळी वर्षं जोडीनं लिहिले. प्रत्येक लेखात पहिलं उदाहरण ठरलेलं: विलास मोहनचा भाऊ. मोहन म्हणजे मी. आज तिथे नितीन आहे. त्याचा नवा जोडीदार!

ही म्हणाली, "जाऊ द्या ना, नावच तर आहे."

नावच तर आहे? मग त्यानं स्वतःचं का नाही बदललं?

शेवटी त्याचा प्रोग्रॅम चालवून विचारलं, विलास मोहनचा भाऊ आहे का? उत्तर आलं: नाही.

बरोबरच आहे. जे सांगितलेलं नाही, ते संगणकानं खोटं धरायचं, हा आमचाच नियम. विलास नको म्हणत होता. हट्ट माझा होता.