गोटीचा पाय

९ ऑगस्ट

चि. ठमे,

खूप आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण माझं ऐकतात.

तुझ्या आईचा फोन आला होता. कामावर निघताना तुला रोज उलट्या होतात आणि तू त्याला अ‍ॅसिडिटी म्हणतेस. साहेब तुझे मेल सगळ्यांसमोर नकला करत वाचतात, हे मागच्या भेटीत तूच हसत हसत सांगितलंस. ठमे, अ‍ॅसिडिटी रविवारी सुट्टी घेत नाही.

मला आमचं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं. लांबलचक खोली, उंच खुर्च्यांची रांग, तापलेल्या रबराचा वास. किती हसायचो आम्ही! शेजारी गोटी बसायची. कॉलच्या अधेमधे एक स्वेटर विणायची. तो कुणाच्या अंगावर चढलेला मी पाहिला नाही.

सुपरवायझरबाईंना आम्ही मुकादम म्हणायचो. त्या माझ्या मागे उभ्या राहून माझाच आवाज काढायच्या, "नमस्कार, मी कॉलेजात शिकलेय, चुकीचा नंबर जोडून देते हं!" सगळी रांग ऐकायची. माझा हात कापायचा, मग नंबर खरंच चुकायचा.

कामावर आपसांत बोलायला बंदी. गोटी समोर बघत, चप्पल काढून आपला पाय माझ्या पायावर दाबून ठेवायची. "श्वास घे, गाढवे," ओठ न हलवता. हात थांबायचा.

मग लग्न होऊन ती गेली. माझे केस गळू लागले, अन्न पोटात ठरेना. शेवटी नोकरी सोडली. घरी सांगितलं, पोटाचा विकार. तुझी आई मला चमच्यानं भरवायची, तिलाही खरं ठाऊक नाही. डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं, "रविवारी कसं वाटतं?" मला रडूच फुटलं.

मी फोन न करता पत्रं लिहिते म्हणून तू चिडवतेस ना? फोन वाजला की अजून तळहाताला घाम सुटतो. तो पुसून मग उचलते.

सोमवारी मोठ्या साहेबांकडे तक्रार घेऊन एकटी जाणार आहेस म्हणे. अजिबात नाही. मी शनिवारी येते. आधी डॉक्टर. नोकरी ठेवायची की सोडायची, ते तुझं तू ठरव. सोमवारी मी शेजारी बसेन. आत घेणार नाहीत म्हणू नकोस. माझं वय बघून लोक खुर्ची देतात. अवाक्षर बोलणार नाही. चप्पल तेवढी काढेन.

तुझ्या शेजारच्या खुर्चीतली,
मावशी