दोन वाक्यं आधी

४ तारीख, सोमवार

टाळी सापडली. पडदा उघडायच्या आधी बाबा रंगमंचाच्या मधोमध उभे, तिन्ही कॅमेऱ्यांकडे बघून — "ही घे टाळी. लोक देतील न देतील!" या टाळीवर तिन्ही चित्रणं जुळवायची, मग आवाज आणि ओठ बरोबर चालतात. इतकी वर्षं हेच करतेय. आज हात चालेना. ही टाळी वाजवणारा माणूस तिसऱ्या अंकात जाणार आहे आणि ते त्या चित्रणात कुणालाच माहीत नाही, फक्त मला आहे.

रविवारी बाबांच्या आठवणीत हा त्यांचा शेवटचा प्रयोग पडद्यावर दाखवायचाय. एडिटिंग मीच करायचं. घरचीच आहे ना!

५, मंगळवार

तो प्रवेश लावला. नवरा चक्कर आल्याचं सोंग करून पडतो, बायको — म्हणजे आई — म्हणते, "उठा आता, किती नाटकं कराल!" हशा. शेकडो प्रयोगांत बाबा असे पडले असतील. या वेळी दोन वाक्यं आधी पडले. हशा उलट जास्तच. प्रवेश संपेपर्यंत तसेच पडून राहिले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच सांगते — "मला वाटलं, नाटक करताहेत."

आज प्रॉम्प्टरकाका आले होते. रडता रडता हसत होते. पडल्या पडल्या बाबा म्हणे आईला कुजबुजत विचारायचे, "गॅस बंद केलास का?" ती चुकावी म्हणून. असला माणूस!

६, बुधवार

दादाचा फोन. "डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर... जाऊ दे. तू तेवढा भाग काप."

७, गुरुवार

दुसरा कॅमेरा आईवर होता. आज नीट बघितलं. बघायला नको होतं.

बाबा पडले. आई वाकली, त्यांच्या तोंडाशी कान नेला. मग चेहरा वर — डोळे घट्ट मिटलेले, ओठ दातांखाली, खांदे थरथरताहेत. एकदा विंगेकडे बघितलं. आणि ताठ उभी राहून वाक्य टाकलं. टायमिंग चोख!

तिला कळलं होतं. कळूनही तिने प्रवेश पुढे नेला! कशासाठी? हाऊसफुल्लच्या पाटीसाठी?

जेवताना राहवेना. विचारलं, "तुला नक्की कधी कळलं?"

"पडदा पडल्यावर. कितीदा सांगू?"

ताट तसंच टाकून उठले.

८, शुक्रवार

आईशी बोलणं बंद. चहा दारात ठेवून गेली, तो गार झाला.

पहिल्या अंकातले हसणारे प्रेक्षक उचलले आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी बसवले. एवढंसं काम. झाली आई निर्दोष. तिच्यासाठी केलं की घराची लाज झाकायला, देव जाणे. मला तिचा राग येतोय, आणि या रागाचीच भीती वाटतेय.

९, शनिवार

आई खोलीत आली. "दाखव." शेजारी बसून सगळं बघितलं, तो प्रवेशसुद्धा. प्रेक्षक दिसले तशी म्हणाली, "इथे मी होते ना?"

"कॅमेरा हलला होता."

मग पडद्याकडे बघतच — "यांच्या कॉलरला माइक होता. त्यात काही आलंय?"

"नुसती कपड्यांची खरखर असते असल्या माइकवर. तो आवाज बंद ठेवलाय मी. हॉलचा वापरलाय."

"ऐकला नाहीस?"

"नाही."

"नकोच ऐकूस." आणि उठून गेली.

१०, रविवार

सकाळी ऐकला. टाळीवर जुळवून, दुसऱ्या कॅमेऱ्याबरोबर.

बाबा — "पडदा टाक. खरंच गं."

आई — "हो, हो. आणि गॅसही बंद केलाय."

तोच चेहरा. मिटलेले डोळे, थरथरणारे खांदे. हसू आवरत होती!

स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगितलं, माइक बिघडला होता, त्यात काहीच आलेलं नाही.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "तुला नाटक कधी जमलंच नाही."