बाणाच्या टोकासाठी आणलेला दगड

मानवत,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,

विजूचा नमस्कार. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद-पेन घेऊन बसले. शेजारची केशरबाई पेडगावला माहेरी निघालीय, तिच्या हाती हे पत्र देते. तिला चहा पाज, पण पत्र तिच्यासमोर वाचू नकोस. तिचं तोंड तुला माहीत आहे.

वहिनीची कंबर कशी आहे? कापसाची वेचणी उरकली का? इकडे वेचायला बायाच मिळेनात. आमची निकिता पुण्यात मजेत आहे, नोकरी नवी असल्यामुळे दिवाळीला दोनच दिवस आली. आमचंही ठीक चाललंय. यांच्या डोळ्याला जरासं लागलंय, बाकी काही नाही.

चैत्रात तू शेतात म्हसोबाची संगमरवरी मूर्ती बसवलीस आणि मी आले नाही, याचा राग तू अजून धरून आहेस. बाबांनी पुजलेला दगड नदीत सोडलास म्हणून मी तुला सगळ्यांसमोर बोलले. दादा, माझं मत आजही तेच आहे. पण आज मला भांडायचं नाही. आज मला तू हवा आहेस.

यांचं दगडांचं वेड तुझ्या कानावर आलंच असेल. शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा आदिमानवाच्या धड्यासाठी यांनी पोरांना दगडाचं एक बाणाचं टोक करून दाखवलं होतं. निवृत्त झाल्यावर तेच पूर्णवेळ काम झालं. मोबाईलवर परदेशातले दाढीवाले बाप्ये दगड फोडताना बघायचे आणि अंगणात बसून तसंच करायचे. मांडीवर चामड्याचा तुकडा, हातात तांब्याची जाड तार. दाबून दाबून कपच्या काढायच्या. मी घरात चप्पल घालून वावरायला लागले ते तेव्हापासून.

पण टोक करण्यापेक्षा दगड शोधण्यात यांचा जीव जास्त. आपला काळा दगड फुटतो, पण हवी तशी धार धरत नाही. पांढऱ्या गारगोटीचा साखरेसारखा चुरा होतो. यांना हवा तो मेणासारखा गुळगुळीत, ठोकला की टण्णकन वाजणारा, ज्याची कपची काचेसारखी कापते. कुठे विहिरीचं खोदकाम निघालं की हे दत्त म्हणून उभे. लोकांना वाटायचं पाणाड्या आला, पाणी दाखवतो. एकदा तर माझ्या चांगल्या कढईत वाळू भरून तिच्यात दगड भाजले. म्हणे, भाजल्यावर दगड कामाला सोपा जातो. मी म्हटलं, मग फोडणीही घाला.

हसत होते रे मी. माणूस रिकामा बसून कुढत नाही, एवढ्यावर खूश होते.

दिवाळीनंतर दुधना नदीचं पाणी उतरलं, गोटे उघडे पडले आणि यांच्या चकरा सुरू झाल्या. गेल्या आठवड्यात गाडीवर टॉवेलात गुंडाळून एक दगड आणला. नारळापेक्षा थोडा मोठा, काळजाच्या रंगाचा. मी भाकरी थापत होते. हे दारातूनच ओरडले, “विजे, बघ तर! घंटीसारखा वाजायलाय! इतक्या वर्षांत असा दगड हाताला लागला न्हाई.” तव्यावरची भाकरी सोडून मी काही उठले नाही.

हे अंगणात बसले. चष्मा लावला होता, ते खोटं सांगत नाही. घामाने काच धूसर झाली म्हणून कपाळावर सरकवला आणि हातोडा घातला. दगड दोन ठिकाणी फुटला. एक कपची उडाली ती उजव्या डोळ्यात गेली.

मी धावले. केशरबाईही कुंपणावरून आली. यांना उठवताना पायात येतात म्हणून तिने तुकडे उचलले आणि तशीच थबकली. म्हणाली, “अगं बया, ह्येच्या भेगात शेंदूर हाय! सरांनी कुणाचा तरी देव फोडला!”

यांनी ते ऐकलं. डोळ्यावर हात तसाच होता. बोटांतून पाणी आणि रक्त येत होतं, आणि यांनी काय विचारावं? “दादांनी तुमचा म्हसोबा कुठं सोडला होता गं?”

परभणीच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय की कपची आत रुतली आहे. संभाजीनगरला नेऊन ऑपरेशन करायचं, आणि लवकर करायचं. त्या डोळ्याने दिसेल की नाही, हे ते सांगू शकत नाहीत. पण तसाच ठेवला तर दुसराही जाऊ शकतो. एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं म्हणाले. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच सांगितलं. मघाशी “जरासं लागलंय” असं लिहिलं ना, ते असं आहे.

आणि हे जायला तयार नाहीत.

ज्या माणसाने आयुष्यभर शाळेत अंधश्रद्धेवर पोरांकडून तक्ते रंगवून घेतले, तो माणूस पट्टी बांधून भिंतीकडे तोंड करून बसलाय. म्हणतात, “आधी दादांनी त्याचे चांदीचे डोळे काढून नव्या मूर्तीला लावले. मग म्या त्याचं डोकं फोडलं. त्यानं माझा एकच डोळा घेतला, लय सस्त्यात सोडलं. आता कापाकापी करून त्याच्यासंगं अजून वैर घेऊ का?” मी रडले, भांडले, निकिताला फोनवर रडायला लावलं. तू येऊन देवाच्या वतीने माफ करशील, असंही म्हणून पाहिलं. तर म्हणाले, “देवाच्या वतीनं माणूस कसा माफ करील?”

शेवटी मी म्हटलं, हा आमचा म्हसोबाच नाही. कुठलाही दगड असेल, नदी काय लहान हाय का? भिंतीकडचं तोंड वळवून माझ्याकडे बघितलं, एका डोळ्याने. मग म्हणाले, “तू मला बरं वाटावं म्हणून म्हणायलीस. दादा देवाधर्माचा माणूस, ते खोटं बोलायचे न्हाईत. त्यांनी हितं येऊन दगड बघावा आणि शपथेवर सांगावं. मग मी दवाखान्याच्या गाडीत बसतो.”

म्हणून हे पत्र. अगोदरच हे लिहायचं होतं, पण मी वहिनीच्या कंबरेची आणि कापसाची चौकशी करत बसले.

दादा, तो आपलाच आहे. तुझ्यापुढे खोटं लिहीत नाही. बाबांच्या नांगराचा फाळ लागून त्याचा खांद्याजवळचा टवका उडाला होता, आठवतं? त्या खळग्यात शेंदूर नीट बसायचा नाही म्हणून बाबा मला बोट घालायला लावायचे. त्या दिवशी केशरबाई घरी गेल्यावर मला एका तुकड्यावर तो खळगा दिसला, मी त्यात बोट घातलं. बोट आता मोठं झालंय, तरी ओळखलं. तो तुकडा मी पिठाच्या डब्यात लपवलाय. बाकीच्यांवरून यांना काही कळायचं नाही. यांनी आपला म्हसोबा शेंदरातच पाहिलेला, उघडा कधीच नाही. नंतर सगळे तुकडे तू घेऊन जा, शेतात पूर, नदीत सोड, मला त्यातलं काही कळत नाही.

तुला राग येईल. जी बहीण एका दगडासाठी भावाशी सगळ्यांसमोर भांडली, तीच आता त्या दगडाला ओळख देऊ नकोस म्हणते. येऊ दे राग. मी तेव्हा म्हणाले ते खरं होतं आणि आज म्हणते तेही खरं आहे. देव फुटला याचं मला वाईट वाटतं, पोटातून वाटतं. पण मला रात्रंदिवस भीती वाटते ती त्याची नाही. सकाळी पट्टीच्या बाजूला ठेवलेली कपबशी शोधायला हे हात फिरवतात ना, त्याची वाटते.

उद्याच्या पहिल्या एसटीने ये. गाडी ठरवून ठेवलीय, पिशवी भरलीय. हे तुला म्हसोबाची शपथ घालतील. ती घेऊ नकोस, तुझ्या तोंडून निघायचीही नाही, मला ठाऊक आहे. म्हणावं, सख्ख्या बहिणीची घेतो, त्याहून मोठी शपथ माझ्याजवळ नाही. यांना ती पुरेल. माझ्या डोक्यावर हात ठेव आणि सांग, हा आमचा देव नव्हे.

खोट्या शपथेचं जे व्हायचं ते ज्याच्या डोक्यावर हात असतो त्याचं होतं, असं आई सांगायची. माझं होऊ दे, दादा. पण हात थरथरू देऊ नकोस, यांना एका डोळ्याने अजून नीट दिसतं.

डोक्यावर पदर घेऊन दारात बसलेली,
तुझी विजू