पुढच्या खोलीतल्या टेबलाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा कवळ्या बनवण्याचा (आता बंद), हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे, पण गोंधळलेली आहे. दोन्ही एकाच वेळी चालते, असे वकीलबाई सांगतात.

१. राहते घर, पुढची खोली सोडून, मुलगा आणि मुलगी यांना समसमान. यात गोंधळ नाही.

२. माझी अवजारे दातांच्या दवाखान्यातल्या नव्या कारागिराला. जेवताना कवळी काढून ठेवणाऱ्या माझ्या दिरांना काहीही देऊ नये.

३. गोंधळ आहे तो पुढच्या खोलीचा. तिथल्या माझ्या कामाच्या टेबलावर रविवारी गल्लीतली शाळा-कॉलेजची मुले पटावरचे खेळ मांडतात. उरलेल्या प्लास्टरच्या सोंगट्या करून दिल्या, एवढाच माझा हात. मुलगा म्हणतो, "आई, हा काय अड्डा मांडलायस? त्यापेक्षा शिकवणी घे." मी काय शिकवणार? त्यांचे नियम मला अजून कळत नाहीत.

शिंप्याचा मुलगा पूर्वी हरला की पट उधळायचा. हल्ली हरतो आणि म्हणतो, "पुन्हा मांडा." त्याला कोणी समजावले? मी तर नाही. माझ्या बहिणीची नात चिमणी बोलताना अडखळते, म्हणून कॉलेजात तोंडच उघडत नाही. खेळात व्यापारी झाली, की घासाघीस करून समोरच्याला गार करते. हे कसे होते, मला उमगत नाही.

४. तरीही खोली आणि टेबल मी या दोघांना लिहून दिले, साक्षीदारही त्यांनाच केले आणि कच्चा मसुदा गेल्या रविवारी वाचायला दिला. वकीलबाई होत्या, माझा मुलगाही आला होता. दोघांनी तो खेळाच्या नियमांसारखा ओळ न् ओळ वाचला.

चिमणी म्हणाली, "आजी, ज्याला मि... मि..."

माझा मुलगा नेहमीप्रमाणे तिचे वाक्य पुरे करायला गेला. शिंप्याचा मुलगा म्हणाला, "काका, थांबा. तिची पाळी आहे."

टेबलाभोवतीचे सगळे थांबले. कोणी हसले नाही, घाई केली नाही.

"ज्याला मिळणार, तोच सा... साक्षीदार कसा?"

वकीलबाई म्हणाल्या, बरोबर आहे. माझ्या मुलाने खिशातले पेन काढले. मग म्हणाला, "खोलीचं लिहिलंयस तसंच राहू दे, आई. दे, साक्षीदार म्हणून मी सही करतो."

"मा... मामा, तुम्हीही नाही," चिमणी म्हणाली. "अर्धं घर तुमचं आहे."

साक्षीदार (काहीही न मिळणारे):
औषधाच्या दुकानाचे मालक — सही
आमच्या गल्लीचे पोस्टमन — सही

लिहून देणार: कवळीवाल्या आजी — सही
स्थळ: पुढची खोली
दिनांक: सतरा, रविवार